दंड भरला तरी अपील होतं

वर एकाने लिहिलंय की दारूबंदीच्या केसमध्ये दंड भरला की अपील संपलं. तसं नाही. अडतं ते गुन्हा कबूल केल्याने. मग फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही, एवढ्यावरच भांडता येतं. आमच्या वर्ध्यात 'कबूल करून मोकळे व्हा' सांगणारे कोर्टाच्या पायरीवरच भेटतात!

केस लढवूनही १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ (ई) खाली (बेकायदा दारू विकणं, विकत घेणं किंवा बाळगणं) प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली असेल, तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात जा. शिक्षेला स्थगितीचा अर्ज सोबतच द्या. आधी पंचनामा वाचा: बाटल्यांना सील जागेवरच लावलं का, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का, नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुणाच्या ताब्यात होता. पंच फितूर झाले एवढ्यावर विसंबू नका, नुसत्या पोलिसांच्या साक्षीवरही शिक्षा टिकू शकते.