‘ऑन बॅकग्राउंड’साठी ‘पार्श्वभूमीवर’ चालेल का?

अनुवादक : तंत्रज्ञानविषयक बातम्यांत ‘ऑन बॅकग्राउंड’ ही संज्ञा वारंवार येते. माहिती छापायची, पण सांगणाऱ्याचे नाव छापायचे नाही, आणि त्याचा उल्लेख कोणत्या शब्दांत करायचा तेही आधी ठरवायचे, असा तो वार्ताहर आणि माहिती देणारा यांच्यातील करार असतो. मी ‘प्रवक्त्याने नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले’ असे लिहिले होते; संपादकांनी ते ‘पार्श्वभूमीवर सांगितले’ असे केले. ‘निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर’ वाचणाऱ्या मराठी वाचकाला त्यातून अट घातल्याचा बोध होईल, असे मला वाटत नाही. एखादा सुटसुटीत शब्द आहे का?

शब्दवेल्हाळ : ‘पार्श्व’ हा शब्द ‘पर्शु’ म्हणजे बरगडी यावरून आला, म्हणून पार्श्व म्हणजे बाजू. पार्श्वगायनात आवाज ऐकू येतो, गाणारा दिसत नाही. त्याच धर्तीवर ‘पार्श्वकथन’ का रूढ करू नये?

मुद्रितशोधक : पार्श्वगायकाचे नाव श्रेयनामावलीत असते, इथे तर नाव दडवण्यासाठीच सारा खटाटोप आहे. ‘पार्श्वकथन’ म्हटल्याने त्या दडवण्याला विनाकारण प्रतिष्ठा मिळते. ‘द व्हर्ज’ या अमेरिकी तंत्रज्ञान संकेतस्थळाने २०२१ मध्ये आपले ‘ऑन बॅकग्राउंड’विषयीचे धोरण जाहीरपणे कडक केले, ते याच कारणाने : पगारी जनसंपर्क अधिकारी साधी माहितीसुद्धा नावानिशी द्यायला तयार नसत. वार्ताहराने आधी मान्य केल्याशिवाय अशी अट लागू होत नाही, हे त्यांना लिहून सांगावे लागले. अनुवादकांचे मूळ वाक्य लांब असले तरी प्रामाणिक आहे.

जुना वाचक : एवढा घोळ कशाला? ‘सूत्रांनी सांगितले’ हे सर्वांना कळते.

शब्दवेल्हाळ : या अर्थाचे ‘सूत्र’ हिंदी वृत्तपत्रांतून आले. आपल्याकडे ‘खात्रीलायक गोटातून समजते’ असे लिहीत. गोट म्हणजे छावणी, त्यामुळे बातमी कोणत्या बाजूची आहे हेही वाचकाला कळे.

जुना वाचक : लोक वापरतात तो शब्द मराठीच. उगमावरून शब्द हद्दपार करू लागलो, तर ‘बातमी’ तरी उरेल का?

मुद्रितशोधक : माझा आक्षेप उगमाला नाही, धूसरपणाला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ब्लूमबर्ग बिझनेसवीक’ने सर्व्हरच्या मदरबोर्डांत, म्हणजे मुख्य सर्किट-फलकांत, हेरगिरीची चिप बसवल्याचे वृत्त १७ निनावी व्यक्तींच्या हवाल्याने दिले. ॲपल आणि ॲमेझॉनने ते ठामपणे नाकारले, नियतकालिकानेही ते मागे घेतले नाही. अशा वेळी सांगणारा सरकारी अधिकारी होता की कंपनीच्या आतला, एवढाच धागा वाचकाच्या हाती उरतो. मूळ बातमीत तो भेद केलेला होता. ‘सूत्रांनुसार’ लिहिले की तो पुसला जातो.

भाषाभ्यासक : ‘स्रोत’ घ्यावा. तो ‘स्रु’ म्हणजे वाहणे या धातूवरून आला आहे आणि कृपया ‘स्त्रोत’ असा लिहू नये.

अनुवादक : ‘मुक्तस्रोत’ (ओपन सोर्स) आज्ञावलीविषयीच्या बातमीत ‘स्रोताने सांगितले’ असे लिहिले, तर कोणता स्रोत, असा प्रश्न पडेल.

भाषाभ्यासक : संदर्भाने अर्थ लागतो. मला त्याहून गंभीर वाटते ती अवतरणचिन्हांची सवय. इंग्रजीत उच्चारलेले विधान आपण मराठीत आणतो आणि दुहेरी अवतरणात ठेवतो, जणू ती व्यक्ती तेच शब्द बोलली. त्यात कंपनीने मुलाखतीनंतर विधान तपासून दुरुस्त केले असेल, तर ते ना उच्चारलेले उरते ना मूळ. अशी नंतरची मंजुरी घेण्यास ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१२ मध्ये आपल्या वार्ताहरांना मनाई केली. अनुवादित विधान अवतरणचिन्हांशिवाय, ‘असे त्यांनी सांगितले’ या रूपातच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना वाचक : मग परभाषकाचे एकही विधान मराठी वृत्तपत्रात थेट छापता येणार नाही. वाचक दूधखुळा नाही. परदेशी अधिकारी मराठीत बोलला नसणार, हे त्याला ठाऊक असते.

भाषाभ्यासक : मराठीत बोलला नाही हे त्याला ठाऊक असते. अनुवाद कोणी केला आणि कोणता शब्द सौम्य केला, हे मात्र ठाऊक नसते. अनुवादकाचे नाव बातमीखाली द्यायला किती संपादक तयार होतील?