शालेय पोषण आहारात गावचीच भाजी: निधीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. प्रधानमंत्री पोषण योजनेच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम भाजी मिळायला हवी. तांदूळ वरून येतो, त्याची काळजी नाही. भाजी मात्र आठवडी बाजारातून येते आणि दोन दिवसांत कोमेजते. गावात शेवगा, मेथी, भोपळा भरपूर पिकतो, बचत गटाच्या बायका रोज ताजी भाजी द्यायला तयार आहेत. तरी आमच्या मुलांच्या ताटात शिळा कोबी पडतो, हे बघवत नाही.

2021 साली योजनेला नवं रूप दिलं तेव्हा केंद्राने शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना सामावून घ्यावं असं स्पष्ट म्हटलंय. परसबागेलाही प्रोत्साहन आहे. नावीन्यपूर्ण उपक्रमांसाठी राज्यांना 5 टक्क्यांपर्यंत रक्कम वापरता येते, असंही वाचलं.

ही रक्कम प्रत्यक्ष शाळेपर्यंत कुणाच्या शाळेत पोचली आहे का? प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी) द्यायचा की थेट पंचायत समितीच्या पोषण आहार अधीक्षकांकडे? आणि मुख्य अडचण म्हणजे बचत गटाकडे पक्कं बिल नसतं. साध्या पावतीवर इंधन-भाजीपाल्याचा खर्च लेखापरीक्षणात मान्य होतो का? मुख्याध्यापक याच भीतीने सही करत नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

मंजूर झालेल्या प्रस्तावाचा किंवा समितीच्या ठरावाचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया द्या.