मदत हवी आहे : टुंड्रात वृक्ष नसतात ते गोठलेल्या जमिनीमुळे की थंड उन्हाळ्यामुळे?

नमस्कार. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी मी भूगोलातील संज्ञांचे टिपण तयार करत आहे आणि 'टुंड्रा' या शब्दापाशी अडलो आहे. 'जमीन कायम गोठलेली असल्यामुळे जेथे वृक्ष वाढत नाहीत असा ध्रुवाजवळचा प्रदेश' अशी व्याख्या मी अनेक वर्षे शिकवत आलो. मात्र सायबेरियाचा नकाशा समोर ठेवल्यावर ती टिकत नाही, असे मला वाटू लागले आहे.

याकुत्स्क येथे एकोणिसाव्या शतकात शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने पाण्यासाठी विहीर खोदायला घेतली. ११६ मीटर खाली गेल्यावरही पाणी लागले नाही. कुदळीखाली गोठलेली जमीनच येत राहिली. तरीही या शहराच्या सभोवार लार्च वृक्षांची अरण्ये उभी आहेत. कडाक्याच्या थंडीचे कारण द्यावे, तर उणे ६७.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेलेले व्हर्खोयान्स्कही अरण्याच्याच पट्ट्यात येते, टुंड्रात नाही. मग वृक्षांना नेमके कोण अडवते? आणि कारण जर वेगळे असेल, तर व्याख्येत 'गोठलेला' हा शब्द ठेवावा की काढावा? विद्यार्थ्यांना चुकीचे कारण पाठ करायला लावणे मला मान्य नाही, म्हणून जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपली शंका योग्य आहे. वृक्षांची सीमा हिवाळा ठरवत नाही, उन्हाळा ठरवतो. हवामानशास्त्रज्ञ कोपेन यांच्या वर्गीकरणात ज्या ठिकाणी सर्वांत उबदार महिन्याचे सरासरी तापमान ० ते १० अंशांच्या दरम्यान असते, तेथील हवामानाला टुंड्रा हवामान म्हणतात. याकुत्स्कमध्ये जुलैची सरासरी १९ अंशांच्या आसपास जाते. तेवढ्या उबेत जमिनीचा वरचा थर वितळतो आणि लार्चची उथळ, आडवी पसरणारी मुळे त्या थरावर निभावून नेतात.

याउलट दक्षिण हिंदी महासागरातील कर्गेलेन बेटे पाहावीत. तेथे समुद्रसपाटीजवळ सर्वांत थंड महिन्याची सरासरीसुद्धा शून्याच्या वर असते, पण उन्हाळा ७-८ अंशांच्या पुढे सरकत नाही, आणि त्या बेटांवर मूळचा एकही वृक्ष नाही. एकीकडे गोठलेल्या जमिनीवर अरण्य आणि दुसरीकडे न गोठलेल्या जमिनीवर वृक्षांचा अभाव, अशी ही जोडी विद्यार्थ्यांपुढे ठेवली तर त्यांना कारण आपोआप उमगेल.

यामागे वाढीचे गणित आहे. तापमान साधारण ५ अंशांच्या खाली गेले, तरी पान सूर्यप्रकाशात अन्न तयार करू शकते. परंतु त्या अन्नापासून नव्या पेशी आणि लाकूड घडवण्याचे काम जवळजवळ थांबते. वृक्षाचा शेंडा उघड्या हवेत असल्यामुळे हवा जितकी थंड, तितकाच तोही थंड राहतो. जमिनीला चिकटून वाढणाऱ्या वनस्पतीला मात्र तापलेल्या मातीची ऊब मिळते, वारा लागत नाही, आणि हिवाळ्यात अंगावर बर्फाचे पांघरूण असते. म्हणूनच टुंड्रात विलो आणि भूर्ज आहेत, पण खुजे. काही जातींची उंची तर घोट्यापर्यंतही पोहोचत नाही. अशा विलोचे पेन्सिलीएवढे खोड आडवे कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर त्यात अनेक दशकांची वर्षवलये मोजता येतात, इतकी ती एकमेकांना बिलगलेली असतात. आर्क्टिक खसखशीचे वाटीसारखे फूल दिवसभर सूर्याकडे तोंड वळवत राहते, आणि ऊब घेण्यासाठी कीटक त्यात येऊन बसतात. हे दृश्य टिपणात अवश्य घ्यावे. टुंड्रा म्हणजे नुसता ओसाड बर्फ, हा समज त्याने दूर होतो.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. कर्गेलेनचे उदाहरण माझ्या ध्यानातही आले नव्हते. आता एकच अडचण उरते. आर्क्टिक टुंड्रात वर्षाला जेमतेम १५० ते २५० मिलिमीटर पाऊस व बर्फ मिळून पडतो, म्हणजे वाळवंटाच्या जवळपासच. तरीही उन्हाळ्यातील छायाचित्रांत जिकडेतिकडे तळी आणि दलदल दिसते. हे कसे?

प्रतिसाद २

'गोठलेला' या शब्दाचे खरे काम येथेच आहे. जी जमीन सलग किमान २ वर्षे शून्य किंवा त्याहून कमी तापमानात राहते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात तिच्यावरचा पातळ थर तेवढा वितळतो; वितळलेले पाणी खालच्या गोठलेल्या थरातून झिरपू शकत नाही आणि गार हवेत फारसे बाष्पीभवनही होत नाही, त्यामुळे थोडेसे पाणीसुद्धा पृष्ठभागावर साचून राहते. हिवाळ्यात जमीन आकसून तडकते, त्या भेगांत वसंतातले पाणी शिरून गोठते, पुढच्या हिवाळ्यात भेग पुन्हा तेथेच पडते, आणि अशा शेकडो वर्षांच्या फेऱ्यांनंतर आकाशातून पाहिल्यास जमीन बहुकोनी फरश्या बसवल्यासारखी दिसते. मृत वनस्पती या थंड, ओल्या मातीत पूर्ण कुजत नाहीत. त्यामुळे उत्तरेकडील पर्माफ्रॉस्टच्या मातीत आज वातावरणात आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट कार्बन साठलेला आहे, आणि ती माती वितळू लागल्याची चिंता त्यासाठीच आहे.

शब्दाबद्दलही थोडे सांगतो. 'टुंड्रा' हा रशियन भाषेतून जगभर गेलेला शब्द असून त्याचे मूळ कोला द्वीपकल्पावरील सामी भाषेत सांगितले जाते. तेथे त्याचा अर्थ वृक्षहीन उंचवटा असा होतो. त्या अर्थात बर्फाचा उल्लेखच नाही. उंच पर्वतांवर वृक्षसीमेच्या वरच्या भागालाही टुंड्रा म्हणतात, ते या मूळ अर्थाला धरूनच आहे. तेथे उतारावरून पाणी वाहून जाते आणि आर्क्टिकसारखी अफाट दलदल सहसा तयार होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

या चर्चेच्या आधारे मी पुढील वाक्य लिहिले आहे. कृपया तपासावे : 'उन्हाळा पुरेसा उबदार नसल्यामुळे जेथे वृक्ष वाढू शकत नाहीत, आणि हरिता (मॉस), दगडफूल, गवते व खुजी झुडपे एवढीच वनस्पती आढळते, असा प्रदेश म्हणजे टुंड्रा. आर्क्टिक टुंड्रात जमिनीचा खालचा थर वर्षभर बर्फाच्छादित असतो.'

प्रतिसाद २

शेवटचा शब्द तेवढा बदलावा. 'बर्फाच्छादित' म्हणजे वरून बर्फाने झाकलेला. खालच्या थराविषयी लिहिताना 'गोठलेला' म्हणावे. बाकी वाक्य जसेच्या तसे छापायला हरकत नाही.