जि. प. शाळेबद्दल ग्रामसभेचा ठराव: काय मागावं, कोणाकडे मागावं?

माळरान:
गावची जिल्हा परिषद शाळा, पहिली ते पाचवी, पट ५८. पालकांना चार गोष्टी हव्या आहेत: तिसरा शिक्षक, सेमी इंग्रजी (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून), मुलींच्या शौचालयात पाणी आणि गळक्या खोलीची दुरुस्ती. मागचा ठराव ‘शाळेस आवश्यक सुविधा मिळाव्यात’ एवढाच होता, तो दप्तरात पडून आहे. या वेळी मसुदा कसा करावा?

खडूफळा:
चारही मागण्या एका ठरावात कोंबू नका. प्रत्येकीचं टेबल वेगळं आहे. असा ठराव पंचायत समितीत गेला की प्रत्येक जण ‘आपल्याकडचं नाही’ म्हणून पुढे सरकवतो.

शिक्षकाचं आधी बघू. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. त्यामुळे ५८ पटावर तिसरं पद मिळत नाही, ठराव कितीही कडक लिहिलात तरी. वाढीव पदासाठी राज्याचे संच मान्यतेचे (पटानुसार शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याचे) निकष याहून कडक असू शकतात, म्हणून मुख्याध्यापकांकडून चालू वर्षाची संच मान्यतेची प्रत मागा आणि मंजूर किती, कार्यरत किती हे दोन आकडे बघा. मंजूर दोन आणि कार्यरत एक असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे ‘रिक्त पद भरावे, तोपर्यंत कामगिरीवर (दुसऱ्या शाळेतून तात्पुरता) शिक्षक द्यावा’ अशी मागणी करा. दोघेही हजर असतील तर ठरावापेक्षा पट वाढवण्याचं काम आधी.

पटावर असूनही आधार वैध नसलेली मुलं संच मान्यतेत धरली जात नाहीत. शाळेच्या नोंदीत आणि आधारवर नावाचं एखादं अक्षर किंवा जन्मतारीख वेगळी असणं हे नेहमीचं कारण. या नोंदी जुळवण्याचं काम जुलै-ऑगस्टमध्येच उरका, कारण मोजणी ३० सप्टेंबरच्या पटावर होते.

पाणंद:
पाणी आणि खोलीबद्दल लिहितो.

पाणी ग्रामपंचायतीच्या हातातलं आहे. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी-स्वच्छतेसाठीच असतो. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आलं पाहिजे, नुसत्या ठरावावर खर्च पडत नाही. आराखड्याच्या ग्रामसभा साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होतात, तेव्हाच नाव घाला. ठरावात ‘पाण्याची सोय’ असं मोघम लिहू नका. नळजोडणीपासून शौचालयापर्यंत पाइपलाइन, १,००० लिटरची टाकी, आत प्रत्येक ठिकाणी तोटी, असं काम लिहा. बऱ्याच शाळांत नळ फाटकापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. टाकी जुन्या शौचालयाच्या स्लॅबवर ठेवू नका, भरली की टनभर वजन होतं आणि स्लॅब तडकतो. शेजारी लोखंडी स्टँड करा. आणि साफसफाई कोण करणार हेही त्याच ठरावात हवं. टाकी बसली, पण सफाईला माणूस नाही, म्हणून शौचालयाला कुलूप, हे सर्रास दिसतं.

संयुक्त शाळा अनुदानावर फार भिस्त ठेवू नका. ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० रुपये, त्यात किमान १० टक्के स्वच्छतेवर. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातूनच, आणि रक्कम टप्प्याटप्प्यानेही येते.

खोलीसाठी यू-डायसचा, म्हणजे शाळेची माहिती दरवर्षी सरकारकडे नोंदवण्याचा, भरलेला फॉर्म बघा. त्यात खोल्या सुस्थितीत, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती अशा नोंदवतात. गेल्या वर्षीचा फॉर्म तसाच उतरवला गेला असेल तर गळकी खोली कागदावर ‘सुस्थितीत’ असते, मग वरून निधी येणार कसा? आधी ती नोंद दुरुस्त करून घ्या. खोली धोकादायक असेल तर दुरुस्ती मागूच नका. अभियंत्याचा पाहणी अहवाल घेऊन निर्लेखनाचा (जुनी खोली कागदावरून काढून पाडण्याचा) प्रस्ताव आणि नव्या खोलीची मागणी एकत्र पाठवा. जुनी खोली कागदावर उभी असेपर्यंत नवीन मिळणं अवघड.

माळरान:
दोन्ही पदं भरलेली आहेत. म्हणजे तिसरा शिक्षक तूर्त बाजूला. सेमीचं काय?

पाटीपेन्सिल:
सेमीचा ठराव ग्रामसभेआधी शाळा व्यवस्थापन समितीत घ्या. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात. इतिवृत्त घरोघर फिरवून सह्या घेतलेल्या नकोत.

पालकांना एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा: पहिली-दुसरीला विज्ञान हा वेगळा विषय नाही, तिसरी ते पाचवी परिसर अभ्यास असतो, सामान्य विज्ञान सहावीपासून. त्यामुळे पाचवीपर्यंत सेमी म्हणजे व्यवहारात इंग्रजीतून गणित, एवढंच. पाचही वर्गांना एकदम लावू नका, चौथीतल्या मुलाला ‘हातचा’ अचानक इंग्रजीत शिकवला तर गणितच सुटतं. पहिलीपासून सुरू करून दरवर्षी एक वर्ग पुढे न्या. पुस्तकांची मागणी आधीच्या वर्षातच नोंदवावी लागते, ती राहिली की जूनमध्ये मराठी पुस्तकंच येतात.

पोषण आहाराचा मुद्दा तुमच्या यादीत दिसला नाही. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. ५० मुलं हजर असतील तर ५ किलो निघाला पाहिजे. पालकांनी आळीपाळीने वजन आणि चव नोंदवही बघावी, त्याला ठराव लागत नाही.

खडूफळा:
ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) घ्या, प्रत्येक कार्यालयात स्वतंत्र पत्रासोबत द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. उत्तर आलं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, त्यात फक्त ‘या क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी’ मागायची. मुदत ३० दिवस. ‘का झालं नाही?’ असं विचारलंत की ते माहितीत बसत नाही म्हणून अर्ज परत येतो.