गोवर आणि लिफ्टचा पंखा

नेहा, सी-२०४ (मंगळवार, सकाळी ८:१२): नमस्कार. सी विंगमध्ये एका मुलाला गोवर झालाय आणि मला ते वॉचमनकडून कळतंय. परवा रविवारी संध्याकाळी तो खाली आमच्या बाळाशी खेळत होता. ती ७ महिन्यांची आहे, तिची लसच झालेली नाही. ग्रुपवर एक ओळ टाकायला काय जातं?

सचिव: नेहाताई, काळजी समजते. कृपया कोणी कोणाचं नाव घेऊ नये ही विनंती. 🙏

रोहन, बी-३०१: नाव न घेताच सगळ्यांना कळलंय साहेब

सुमनताई, सी-६०३: विषय वेगळा आहे, पण सी विंगच्या लिफ्टचा पंखा महिनाभर बंद आहे.

भाऊकाका, ए-१०१: एवढं घाबरायचं काय त्यात? आम्हा पाचही भावंडांना गोवर झाला. एकदा अंगातून निघून गेला की जन्माची निश्चिंती. निसर्गाची लस.

निखिल, सी-५०२: आमचाच मुलगा. पुरळ काल उठलं, निदान काल संध्याकाळी झालं. रविवारी त्याला नुसती सर्दी होती. लगेच जाहिरात दिली नाही, माफ करा.

नेहा: जाहिरात नाही दादा, सूचना.

डॉक्टरवहिनी, ए-४०५: दोघंही थांबा. रविवारी कोणालाच कळलं नसतं. पुरळ उठायच्या ४ दिवस आधीपासून गोवर पसरतो, आणि तेव्हा दिसतो तो फक्त ताप, सर्दी, खोकला, लाल डोळे. पुरळानंतरही ४ दिवस पसरतो. निखिल, डोस किती झालेत?

निखिल: एकच. त्यानंतर आठवड्याने चांगलाच ताप भरला, म्हणून दुसरा दिला नाही. लस घेऊनही आजारीच पडायचं तर उपयोग काय?

भाऊकाका: हेच म्हणतोय मी. निसर्गाची लस.

डॉक्टरवहिनी: तो ताप आजाराचा नव्हता. लसीत दुबळा केलेला विषाणू असतो, शरीर त्याच्यावर काम करतं तेव्हा अंग तापतं. आपल्या रक्तात जंतू ओळखणाऱ्या कोट्यवधी पांढऱ्या पेशी आहेत, त्यांना बी पेशी म्हणतात, प्रत्येकीचा साचा वेगळा. गोवराच्या विषाणूला बसेल अशा त्यात मूठभरच. त्या सापडायच्या, त्यांच्या प्रती निघायच्या, मग प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला धरून अडवणारी प्रथिनं, तयार व्हायची, यात आठवडा-दोन आठवडे जातात. गच्चीची चावी शोधायला आपल्याला लागले होते तसे. एकदा सापडली की काही पेशी वर्षानुवर्षं आठवण धरून बसतात. पुढच्या वेळी खरा विषाणू आला की चावी खिळ्याला लटकलेलीच असते. लस ही शोधाशोध आधीच करून ठेवते, तीही खरा गोवर न होता.

तात्या, बी-१०२: गच्चीची चावी माझ्याकडे नव्हती. हे मी मिटिंगमध्ये ३ वेळा सांगितलंय.

रोहन: तात्या, वहिनी बी पेशींबद्दल बोलतायत, बी विंगबद्दल नाही

तात्या: रोख कळतो मला.

सचिव: चावीचा विषय मिटलेला आहे.

सुमनताई: पंख्याचा नाही.

निखिल: पण वहिनी, एक डोस होताच ना? मग झाला कसा?

डॉक्टरवहिनी: गोवराच्या एका डोसने १०० पैकी साधारण ९३ जणांना संरक्षण मिळतं, दोन डोसनी ९७. पहिल्या डोसला ज्यांचं शरीर दाद देत नाही त्यांच्यासाठीच तर दुसरा असतो.

भाऊकाका: आमच्या पाचही जणांना एकही डोस नव्हता. निसर्गाची लस.

डॉक्टरवहिनी: काका, निम्मं तुमचं बरोबर आहे. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवर येऊन गेला, मग थेट १८४६ मध्ये आला. ७,८०० वस्तीत ६,०००च्या आसपास लोक आजारी पडले, पण ६५ वर्षांपूर्वी ज्यांना होऊन गेला होता ते म्हातारे वाचले. इतकी लांब आठवण. पण हाच गोवर बाकीच्या रोगांची आठवण पुसतो. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तर इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गेलेली. आणि धनुर्वात तर होऊन गेला तरी आठवण उरत नाही, तिथे लसच लागते. त्यामुळे सगळं निसर्गावर टाकू नका.

भाऊकाका: बरं. आम्हाला मात्र काही झालं नाही.

रोहन: काका, ज्यांना झालं ते ग्रुपवर नाहीत

सचिव: रोहन, कृपया.

नेहा: वहिनी, पण माझ्या मुलीचं काय?

डॉक्टरवहिनी: तुझ्याकडून तिला पोटात असताना प्रतिपिंडं मिळाली, ती आता ओसरत आलीत. ती शिल्लक असताना लस दिली तर लसीतला विषाणूच मारला जातो, म्हणून ९ महिन्यांपर्यंत थांबतात. पण संपर्क आला असेल तर ६ महिन्यांपुढे जादा डोस देता येतो, तोही ७२ तासांच्या आत. रविवार संध्याकाळपासून मोज. इथे टाईप करू नकोस, तुझ्या बालरोगतज्ज्ञांना फोन लाव. नेहमीचे डोस नंतर घ्यावेच लागतील. आणि बाकीच्यांनो, आपापल्या मुलांची कार्डं काढा. इतक्या लहान बाळांना खरा आडोसा भोवतालच्यांचा. गोवराला त्यासाठी ९५ टक्के लोक संरक्षित लागतात.

रोहन: ९५ टक्के? आपल्याकडे वार्षिक सभेचा कोरम भरत नाही

तात्या: सभेला मी कायम हजर असतो. नोंदवही बघा.

निखिल: नेहा, कळवायला हवं होतं, चुकलं. आम्ही कोणी बाहेर पडत नाही. काल संध्याकाळी ६ वाजता त्याला लिफ्टने डॉक्टरकडे नेलं होतं, ६:४५ ला लिफ्टनेच परत आलो. त्या वेळात कोण होतं त्यांनी बघा.

डॉक्टरवहिनी: हे सांगितलंस ते बरं केलंस. माणूस निघून गेल्यावरही हा विषाणू बंद जागेत २ तासांपर्यंत हवेत राहतो.

सुमनताई: बंद जागेत. मी महिनाभर काय लिहितेय?

नेहा: फोन झाला. ११ वाजता बोलावलंय. जिन्याने उतरतेय.

सचिव: पंख्याचा माणूस आज दुपारी येतोय. सर्वांनी सहकार्य करावे.

सुमनताई: कुठल्या विंगचा?

सचिव: ए.

सुमनताई: ए विंगचा चालू आहे.