क्रॉनची कामे ‘तहकूब’ की ‘स्थगित’?

प्रश्न : शनिवारी रात्री १ ते ३ आमच्या लिनक्स सर्व्हरची देखभाल आहे. तेवढा वेळ क्रॉन (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सेवा) बंद राहील. सूचनेत मी ‘नियोजित कामे तहकूब राहतील’ असं लिहिलं, साहेब म्हणतात ‘स्थगित’ लिहा. बरोबर काय?

उत्तर : माझ्या मते दोन्ही नकोत. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते. स्थगिती उठली की आदेश परत लागू होतो. म्हणजे वाचणारा समजणार, काम नंतर होईल. क्रॉनचं तसं नाही. तो दर मिनिटाला जागा होतो आणि या मिनिटाला कोणाची पाळी आहे एवढंच बघतो. दोनच्या बॅकअपच्या वेळी तो बंद असला तर ती पाळी हुकली. तीनला सुरू केलात तरी तो मागचं काही भरून काढत नाही. सरळ लिहा : ‘या वेळेतील कामे होणार नाहीत, बॅकअप देखभालीनंतर हाताने चालवला जाईल.’

दुसरं उत्तर : सहमत. मुंबईत रविवारच्या मेगाब्लॉकला ‘फेऱ्या रद्द’ म्हणतात, तेच इथे चालेल. पण नुसतं ‘कामे बंद’ लिहू नका. क्रॉनची सेवा थांबवली तरी आधी सुरू झालेलं काम चालूच राहतं. पाऊणला सुटलेला बॅकअप एक वाजताही डिस्कवर लिहीत असेल, आणि डेटाबेसवाले सगळं शांत आहे असं धरून चालतील. पीएस (चालू प्रक्रियांची यादी दाखवणारी कमांड) लावून आधी खात्री करा.

प्रश्नकर्ता : मग ‘तहकूब’ कुठेच बसत नाही?

उत्तर : बसतो की! चालू प्रक्रियेला किल कमांडने स्टॉप सिग्नल दिला की ती आहे तिथे थबकते, कंटिन्यू दिला की तिथूनच पुढे चालते. ही खरी तहकुबी. अ‍ॅनाक्रॉनची (हुकलेली कामं नंतर करणाऱ्या, क्रॉनसारख्याच प्रोग्रॅमची) कामं असतील तर ‘लांबणीवर’ म्हणा. रोजचं काम शेवटचं कोणत्या तारखेला झालं याची तो नोंद ठेवतो आणि राहिलेलं नंतर उरकतो.

दुसरं उत्तर : देखभालीत रीबूट आहे का तेही विचारून घ्या. सिस्टिमडीवर (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) नुसतं स्टॉप केलेला क्रॉन सर्व्हर उठला की आपोआप उठतो, मग ‘३ वाजेपर्यंत’ हे शब्दच खोटे ठरतात. रीबूट असेल तर सेवा मास्क करा, म्हणजे ती सुरूच होऊ शकणार नाही, आणि काम संपल्यावर अनमास्क करून सुरू करा.