पाणी सरकारचं, जेटी त्यांची, मासा कोणाचा? पानशेतला कयाकमधून गळ टाकण्यावरून

सिंहगडरोडी गळवाला (धागाकर्ता)

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला पानशेतच्या बॅकवॉटरला कयाक पाण्यात सोडली. वारा अजिबात नव्हता. सव्वासहाच्या सुमारास एका बंगल्याच्या तरंगत्या जेटीपासून शंभरेक फुटांवर पोचलो. दोन कास्ट (गळ लांब फेकणं) झाले असतील-नसतील, तोच वरच्या ओट्यावरून एक काका ओरडले, "ओ, ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे!"

मी म्हटलं, "काका, मी पाण्यात आहे."

काका म्हणाले, "पाणीसुद्धा!"

जेटीवर पाटीही आहे: 'येथे मासे पकडू नयेत. मासे घरचे आहेत.' पाटी मला आवडली हे कबूल करतो. पण मुद्दा उरतोच. पानशेत हे सरकारी धरण. त्यातलं सुमारे साडेदहा टीएमसी पाणी पुढे खडकवासल्यात येतं आणि तिथून माझ्या नळाला. धरण काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर चढतं, तिथवरची जमीन धरणासाठी संपादित झालेली आहे. मग त्या पाण्यावर पिंपं बांधून जेटी तरंगवणारे काका आगाऊ की वल्हं मारत जाणारा मी?

माझ्या कयाकला इंजिन नाही, डिझेल नाही, गाणी नाहीत. धरलेला मासा मी सोडून देतो. महिन्यापूर्वी त्याच जेटीच्या दोरात अडकून माझा साडेचारशेचा लूर (गळ लावलेला खोटा मासा) गेला, तरी मी गप्प बसलो.

जेटीपाशीच का घुटमळता, असं कोणी विचारेल. तर मासा तिथेच असतो म्हणून! पिंपांखाली सावली, पिंपांना शेवाळ, त्यात शनिवारच्या पार्टीचा उरलेला भात आणि पोळ्या पाण्यात. भातावर चिलापी येते, चिलापीच्या मागे मरळ येतो. म्हणजे काका आधी मासे पोसणार आणि मग गळवाल्याला हाकलणार.

बोला आता.

कोथरूडचा काठावरचा

'पाणीसुद्धा!' हे उत्तर सुचायला पिढीजात तयारी लागते. काकांना आपला नमस्कार. बाकी चालू द्या.

पानशेतकाठची

ते ओरडणारे काका बहुधा माझे सासरे आहेत. कारण ती पाटी मी रंगवली आहे.

आता आमची बाजू. आम्ही तिथे फक्त शनिवार-रविवारचे नाही. सासू-सासरे निवृत्तीनंतर बारा महिने तिथेच राहतात. रविवारी सकाळी काठावर किती माणसं येतात ते धागाकर्त्यांनी एकदा आमच्या ओट्यावर बसून मोजावं. कयाकवाले सभ्य असतात, मान्य. पण मागे काठावर त्यांच्या गाड्या लागतात, कोणी कुंपणाला टेकून लघवी करतं, कोणी दोऱ्याची गुंतवळ तिथेच टाकून जातं. तो नायलॉनचा दोरा कुजत नाही. मागच्या वर्षी एक पाणकावळा त्यात अडकून मेला. तो आम्हीच पुरला.

शिवाय डोक्याला कॅमेरा बांधून आमच्या जेटीकडे तोंड करून बसलेला माणूस मासे धरतोय की व्हिडिओ करतोय, हे आम्हाला कसं कळणार? माझ्या मुली तिथे पोहतात.

आणि लूरचं म्हणाल, तर गेल्या महिन्यात आमच्या कुत्र्याच्या ओठात तीन काट्यांचा गळ घुसला. जेटीच्या दोराला लोंबकळत होता, त्याने खेळणं समजून तोंडात घेतला. रविवार होता. पानशेतहून पुण्यापर्यंत मी गाडी चालवत होते आणि मागे सासरे त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून बसले होते. म्हणजे मान झटकून तो दुसरा काटा आत घालून घेऊ नये म्हणून. भूल देऊन काढावा लागला. त्या दिवसापासून सासरे कयाक दिसली की ओरडतात. एरवी ते शांत आहेत.

काळ्या कोटातला

दोन्ही पक्षकारांची केस कच्ची आहे.

बंगलेवाल्यांसाठी: सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली कमलनाथ खटल्यात सांगितलं आहे की नद्या, किनारे, जंगल अशा गोष्टी सरकार जनतेची विश्वस्त म्हणून सांभाळतं. पाणी तुमच्या सातबाऱ्यावर येत नाही. जेटीसाठी परवानगीचा कागद असेल तर फ्रेम करून लावा, पाटीपेक्षा उपयोगी पडेल.

गळवाल्यांसाठी: पाणी सार्वजनिक आहे म्हणून मासाही सार्वजनिक, ही उडी चुकीची. चिल्का सरोवराच्या जुन्या खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं होतं की दुसऱ्याच्या पाण्यातून मासे धरून नेण्याचा हक्क हा स्थावर मालमत्तेतला हक्क आहे. तोंडी देता-घेता येत नाही. आपल्याकडे धरणांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला. 'मी सोडून देतो' हा बचाव नाही. शेजाऱ्याची सायकल चालवून परत लावली तरी विचारायला हवंच होतं.

सिंहगडरोडी गळवाला

वकीलसाहेब, सायकलीची उपमा जमली नाही. सायकल झिजते, मासा झिजत नाही. ठेक्याचा मुद्दा मात्र मला नवा आहे, आजवर कोणी पावती मागितली नव्हती.

वहिनी, कुंपणाजवळ लघवी करणाऱ्यांशी माझा संबंध नाही. त्यांचा राग माझ्यावर का? कॅमेरा माझ्या डोक्याला असतो, खरं आहे. तो पाण्याकडे असतो. मरळ उसळतो ते दीड सेकंदाचं दृश्य असतं, त्यासाठी लावतो. मुली दिसल्या तर मी बंद करतो.

धरणग्रस्ताचा नातू

वकीलसाहेबांनी संस्थेचं नाव काढलं म्हणून बोलतो. नायतर तुमचं शहरातल्यांचं चाललंय ते बरं चाललंय.

पुण्याला पानशेत म्हटलं की 12 जुलै 1961 आठवतो. धरण फुटलं, पाणी आलं, घरं बुडाली, पाणी उतरलं. आमच्याकडं आलेलं पाणी परत उतरलंच नाय. माझ्या आज्याची दोन खाचरं त्या पाण्याखाली हायेत. निम्मं गाव दौंडकडं गेलं, निम्मं डोंगर चढून वर आलं. आता वर आलेल्यातल्यांनी जमिनी विकल्या त्याच्यावर तुमचे बंगले. त्याबद्दल मी काय बोलत नाय, विकणारे आमचेच.

पण मासा कसा होतो ते ऐका. संस्था पैसे भरून बोटुकली, म्हंजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडती. कटला, रोहू, मृगळ. सोडल्यापासून धरायजोगा मासा व्हायला वरीस लागतं. आमची माणसं संध्याकाळी थर्माकोलच्या तराफ्यावरनं जाळं लावतात, पहाटं काढतात. तुमची ती रंगीत होडी नेमकी पहाटं येती. जाळ्याच्या वर रिकाम्या बाटल्या तरंगतात, त्या तुम्हाला कचरा वाटतात. मागं एका साहेबानं बाटल्या 'साफ' केल्या. जाळं तळाला गेलं. साहेबानं त्याचा फोटू पण टाकला, स्वच्छता मोहीम म्हणून.

आन कोण बुडालं की फोन आम्हालाच येतो. पाणी काढलं की काठाला गाळ असतो, वरनं सुकलेला, आत मांडीएवढा. होडीतनं उतरायला गेला की पाय रुततो.

कोथरूडचा काठावरचा

स्वच्छता मोहिमेवर हसू की रडू कळेना. मी स्वतः एकदा अशा बाटल्या काठावर ओढून आणल्या आहेत. आज कळलं.

वल्हं आणि विळी

मी कयाकवाला, आठ वर्षं पवना धरणावर जातो. तरी धागाकर्त्याच्या विरोधात लिहितोय.

शंभर फूट म्हणजे तीस मीटर. बारीक ब्रेडेड दोरा आणि बरी रॉड असेल तर साधा कास्टही तीस-चाळीस मीटर जातो. म्हणजे तुम्ही लांब होतात, तुमचा गळ जेटीवरच होता. लूर दोरात अडकला तो काही वाऱ्याने नव्हे.

दुसरं, आवाज. पहाटे पाण्यालगतची हवा गार असते, वरची त्यामानाने उबदार. अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि पाण्यावरून लांबवर जातो. आपण 'हळूच' बोलतो ते काठावरच्या खाटेवर स्वच्छ ऐकू येतं. मी एकदा मित्राला त्याच्या साडूबद्दल काही सांगत होतो, तर काठावरून एका बाईंनी पुढचं विचारलं. (उलटही खरं. पवनेच्या तंबूवाल्यांचे स्पीकर आम्ही पाण्यावर मध्यरात्रीपर्यंत ऐकतो, त्याबद्दल वेगळा धागा काढेन.)

तिसरं, मरळ. पावसाळ्यात जेटीखालचा मरळ पिल्लांवर बसलेला असतो. पिल्लांचा तांबडा पुंजका पाण्यावर घोळत असतो आणि नर-मादी खालून राखण करतात. लूर टाकला की भूक नसताना रागाने झडप घालतात. तो धरायला कसब लागत नाही. पाच मिनिटं फोटो काढून सोडलात तरी तेवढ्यात चिलाप्या पुंजका साफ करतात. 'मासा झिजत नाही' म्हणणाऱ्यांनी हे एकदा नुसतं बसून बघावं.

महसीर लागली तर हात ओले केल्याशिवाय धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की रोग लागतो. तिच्या शास्त्रीय नावातलं 'खुद्री' आपल्याकडचंच. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये मुळा-मुठेतल्या माशावरून तिचं वर्णन केलं. आज पुण्यात मुळा-मुठेत गळ टाकला तर काय लागेल ते लिहीत नाही, जेवणाची वेळ आहे.

मी नाही हलणार

सगळे एकदम संत झालेत. मला सांगा, लोणावळ्यापासून भोरपर्यंत ज्या धरणाच्या काठाला जावं तिथे कुंपण, गेट, वॉचमन. गावकऱ्याची गुरं पाण्यावर जायची वाट बंद, आमचं सोडा. रस्त्यावरून पाणी दिसतं पण पोचता येत नाही. कयाक ही एकच गोष्ट अशी की एकदा पाण्यात उतरलं की कुंपण संपलं. त्यालाही 'शांततेचा भंग' म्हणणार? मे महिन्यात पाणी खाली गेलं की तुमची जेटी चिखलात बसते आणि मध्ये दोनशे पावलं गाळ. तेव्हा कोणी म्हणत नाही चिखलसुद्धा आमचा.

काका ओरडले तर ओरडू देत. मी असतो तर तिथेच डबा उघडून बसलो असतो.

पानशेतकाठची

डबा उघडून बसा, सासूबाई वरून लोणचं पाठवतील. त्यांना माणसांचं वावडं नाही. गळाचं आहे.

गुरांच्या वाटेचं बोललात ते मात्र लागलं. आमच्या शेजारच्या प्लॉटवर खरंच ती वाट बंद झाली. आम्ही काही बोललो नाही.

काळ्या कोटातला

एक नोंद. धागाकर्त्यांनी लघवी, कॅमेरा, सायकल या सगळ्यांना उत्तर दिलं. कुत्र्याच्या मुद्द्यावर अजून काही आलेलं नाही.

धरणग्रस्ताचा नातू

माझ्या बी ध्यानात आलं होतं.

सिंहगडरोडी गळवाला

दोन दिवस विचार करून लिहितोय.

वल्हं-विळी, तीस मीटरचं गणित बरोबर आहे. मी शंभर फूट हे कयाकचं अंतर सांगितलं, गळाचं नाही. मरळाचं मला माहीत होतं. पुंजका दिसला होता. तरी टाकला.

नातू, संस्थेत पावती कोणाकडे मिळते ते सांगा. गळाने मासेमारीला देत नसाल तर तसं सांगा, मग नाही येणार. तुमच्या जाळ्याची वेळ कळली तर उशिरा निघेन. मरळ काय, आठलाही लागतो.

'मी नाही हलणार', तुमचं कुंपणाचं म्हणणं मला अजूनही पटतं आणि 'पाणीसुद्धा' हे चूकच आहे. वकीलसाहेबांनी काहीही म्हणू द्या, काकांनी ते मागे घ्यावं.

वहिनी, एक विचारतो. तो कुत्र्याच्या ओठातला गळ ज्या लूरला होता तो ठेवलाय का? हिरवा, बोटाएवढा, पोटाशी पिवळा? एका बाजूचा डोळा निघालाय आणि तिथे काळ्या मार्करने ठिपका काढलाय?

पानशेतकाठची

लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आहे. सासऱ्यांनी पुरावा म्हणून ठेवलाय.

ठिपका आहे.

सिंहगडरोडी गळवाला

शनिवारी येतो. गाडीने, गेटवरून. कुत्र्याचं नाव काय?

पानशेतकाठची

बांगडा.